आवाज पाठवायचा दिवस

फ्यूज्या हे त्याचं खरं नाव अर्थातच नव्हतं. लहानपणी इस्त्री, पंखा आणि रेडिओ एकाच खटक्याला जोडून दाखवायची मर्दुमकी त्याने केली, सगळं घर अंधारात बुडवलं, आणि थोरल्या बहिणीने तिथल्या तिथे त्याचं नामकरण करून टाकलं. आता पन्नाशी आली, डोक्यावरचे केस गेले, छापखान्यात सगळे त्याला साहेब म्हणू लागले, पण ते नाव काही सुटलं नाही. ताईचा फोन आला की पलीकडच्या टेबलावरच्यांनाही स्पष्ट ऐकू यायचं, "फ्यूज्या, जेवलास का रे?" आणि साहेब कानाची पाळी लाल होईपर्यंत "हो हो" करत बसायचे.

ताईचा आवाजच तसा होता. मोठा नव्हे, पण भिंत ओलांडून जाणारा. आपत्कालीन फोनवर तिने सगळी नोकरी काढली. कुठे आग लागली, कोणी पाण्यात पडलं, कोणाचा श्वास अडकला, की तो फोन ताईच्या कानात वाजायचा. गाडी पोचेपर्यंत समोरच्या माणसाला धरून ठेवायचं, हे तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे एकच ठरलेलं वाक्य होतं: "घाबरू नका, मी फोन ठेवत नाही." घरातही तेच चालायचं. लेक लहानपणी अंधाराला भ्यायची, तेव्हा तिला तेच. फ्यूज्याची बायको दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि हा बाहेरच्या बाकावर एकटा बसला होता, तेव्हा परगावाहून ताईने त्यालाही तेच सांगितलं. मग एक शब्द न बोलता ती उजाडेपर्यंत फोनवर राहिली होती. फ्यूज्या ते कधी विसरला नव्हता.

आणि आता त्याच गळ्यात गाठ झाली होती. स्वरयंत्र काढावं लागणार, याला इलाज नव्हता. ऑपरेशनची तारीख दोन आठवड्यांपुढची होती, पण काल तपासून डॉक्टर म्हणाले, सूज वाढतेय, थांबण्यात अर्थ नाही, परवा सकाळीच घेऊ. आज संध्याकाळी भरती व्हायचं.

या सगळ्यात एकच दिलाशाची गोष्ट होती. दूरच्या शहरात एक प्रयोगशाळा माणसाच्या आवाजातली वाक्यं घेऊन त्यावरून त्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार करून द्यायची. त्यांनी वाक्यं पाठवली होती, साधीच, पण भाषेतला प्रत्येक उच्चार कुठे ना कुठे येईल अशी. फ्यूज्याने महिनाभर रोज छापखाना सुटल्यावर ताईला कागदाच्या गोदामात बसवून ती रेकॉर्ड केली. गोदामात रिमांच्या थप्प्या छताला टेकलेल्या, त्यामुळे आवाज जराही घुमत नसे. कुठल्याही स्टुडिओत नसेल अशी शांतता, तीही फुकट, असं तो ऐटीत सांगायचा. प्रयोगशाळेतल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं, "नमुन्याला चार फायली आधी पाठवून ठेवा." हा म्हणाला, "सगळं नीट लावून एकदमच पाठवतो ना." काम अर्धवट दाखवायचं नाही, हा त्याचा बाणा. माणसाचा बाणा नडतो तेव्हा असाच नडतो.

आज सकाळी त्याने सगळं एकदम पाठवलं. प्रयोगशाळा फायली मेलवर घेत नसे. माणसाचा आवाज चोरून कोणी त्याच्या नावावर काहीही बोलेल, म्हणून सगळं कुलूपबंद मार्गानेच यायला हवं. किल्ली जुळली, पलीकडचं यंत्र ओळखीचं निघालं, फायली भराभर गेल्या, प्रत्येकीपुढे हिरवी खूण उमटली. फ्यूज्याने समाधानाने चहा मागवला. चहा येईपर्यंत बाईंचा फोन आला.

"काहीतरी गडबड आहे हो. वाक्य सुरू होतं, दोन शब्द नीट येतात, आणि मग नुसती खरखर. मध्येच पुन्हा एखादा शब्द, पुन्हा खरखर."

"कुठल्या फायलीत?"

"सगळ्याच."

त्याने स्वतःच्या संगणकावर एक फाइल लावली. "खिडकीजवळची खुर्ची कोणाची आहे?" ताई स्वच्छ विचारत होती. दुसरी लावली, तिसरी लावली. कुठे काही नव्हतं.

"माझ्याकडे तर सुरेख वाजतंय!"

"इथे नाही वाजत. आणि तुम्हाला माहीतच आहे, तपासणी आज व्हायला हवी. जे वाक्य बिघडलेलं असेल ते आजच पुन्हा घ्यावं लागेल. उद्यानंतर..." बाई भल्या होत्या, वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मग सुरू झाली ती नुसती झटापट. त्याने सगळं पुन्हा पाठवलं. तेच. केबल बदलली. तेच. संगणक बंद करून चालू केला, फायलींची नावं लहान केली, व्हायरसवाला पहारेकरी बंद केला. घरून लॅपटॉप आणला, त्यावरून पाठवलं. लॅपटॉपवर सगळी मांडणी त्याने छापखान्यातल्यासारखीच करून ठेवली होती, सवयीचं काम बोटं आपोआप करतात म्हणून. तिथूनही खरखर. छापखान्यात विंडोज आणि तिकडे लिनक्स, दोघांचं बिनसलं असेल म्हणावं, तर छपाईच्या प्लेट बनवणाऱ्या कारखान्यातही लिनक्सच होतं आणि तिकडे हा वर्षानुवर्षं रोज मजकूर पाठवत आला होता. एक अक्षर कधी हललं नव्हतं. प्रत्येक वेळी हिरवी खूण मात्र न चुकता यायची. दुपारपर्यंत त्याला त्या हिरव्या रंगाचा असा तिटकारा आला, की पडद्यावर पेपरवेट हाणावासा वाटला.

बाईही तिकडे हातावर हात ठेवून बसल्या नव्हत्या. त्यांनी त्यांच्याकडच्या जाणकाराला विचारलं आणि पुन्हा फोन केला.

"हे बघा, बाकीच्यांच्या फायली आमच्याकडे व्यवस्थित येतात. काही रेकॉर्डर फाइल जरा कच्ची लिहितात म्हणे. तुमचा संगणक सांभाळून घेत असेल, आमचा घेत नाही. दुसऱ्या कशावर, अगदी चांगल्या मोबाइलवर, महत्त्वाची वाक्यं पुन्हा घेता येतील का? मी खुणा करून पाठवते. तेवढी मिळाली तरी आवाज उभा राहील."

फ्यूज्याने डोळे मिटले. ताईला आज बोलायला बंदी होती, आणि त्याला कारण होतं. तिची लेक मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करायची. जहाज किनाऱ्याजवळ आलं की तेवढा वेळ फोन लागायचा, मग पुन्हा कितीतरी दिवस समुद्र. आज संध्याकाळी जहाज किनाऱ्याच्या टापूत येणार होतं. ऑपरेशन उद्यावर आलंय हे तिला ठाऊकही नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, सूज फार आहे, आवाज कधीही बसेल, लेकीशी बोलायचं असेल तर तोवर तोंड मिटून राहा. म्हणून ताई सकाळपासून मुकी बसली होती. आयुष्यभर बोलत आलेली बाई, तीही शेवटच्या दिवशी.

त्याने भावोजींना फोन लावला.

"भावोजी, ताईला घेऊन याल का? थोडं पुन्हा घ्यावं लागतंय."

"पुन्हा?" भावोजी तसे कधी आवाज न चढवणारे. "अरे, तिने सकाळपासून हूं की चूं केलेलं नाही. पाणीसुद्धा खुणेने मागतेय. आणि तू..."

"नाही घेतलं तर यंत्र होणारच नाही, भावोजी. मग कायमचंच गेलं."

मग भावोजी म्हणाले, "येतो."

ताई आली ती गळ्याला मफलर गुंडाळून, हातात पाण्याची बाटली. फ्यूज्याचा चेहरा पाहिला आणि ती हसली. त्याच्या टकलावर टिचकी मारली, आणि नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसली. रिमांच्या थप्प्यांमधली ती खुर्ची महिनाभर तिचीच झाली होती.

"किती?" तिने विचारलं. एवढ्या एका शब्दालाही घसा खरवडून निघाल्याचं त्याला कळलं.

"थोडीच आहेत. तू दमलीस की थांबू." हे खोटं होतं. थांबायला वेळ नव्हता.

ती वाचू लागली. "उद्या सगळी दुकानं बंद राहतील." घोटभर पाणी. "मला हिरवा कोट नको, निळा द्या." पुन्हा पाणी. एकेका वाक्यासरशी आवाजाचा काठ झिजत होता. फ्यूज्या मोबाइल धरून उभा होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, टिक बाई, टिक. भावोजी दाराशी पाठ करून उभे होते. त्यांना पाहवत नव्हतं.

मध्येच तिने कागद खाली ठेवला. "फ्यूज्या, एक माझं घे ना."

"कुठलं?"

"तेच. फोनवालं."

"ताई, आधी खुणा केलेली होऊ देत. यंत्र तयार झालं की काय हवं ते बोलेल."

"यंत्र बोलेल रे," ताई म्हणाली, "पण ते मी म्हटलेलं नसेल."

"शेवटी घेऊ. नक्की."

तिने मान हलवली आणि कागद उचलला. महिनाभरात तिने तीनदा हेच सांगितलं होतं आणि तीनही वेळा याने आधी ठरलेलं पुरं करू म्हणून ढकललं होतं. हिशेबी माणूस, ठरवून दिलेलं आधी.

खुणा केलेली वाक्यं संपत आली आणि तिचा आवाज तुटला. "नदीपलीकडचा रस्ता" असं काहीतरी होतं. "नदी" नीट आलं, "पलीकडचा" फाटला, आणि "रस्ता" नुसता वारा होऊन बाहेर पडला. तिने पुन्हा प्रयत्न केला. वारा. पाणी प्यायली, मान वर केली, सगळा जीव एकवटून बोलली. वाराच. तिने गळ्यावर हात ठेवला आणि फ्यूज्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं.

"झालं," तो म्हणाला, "झालं ताई, पुरे. हे पुरेल."

भावोजी आत आले आणि तिच्याजवळ मांडी घालून जमिनीवरच बसले.

फ्यूज्या धावत टेबलापाशी गेला. मोबाइलमधल्या फायली संगणकात घेतल्या, पाठवल्या. हिरवी खूण. बाईंना फोन लावला.

"अहो..." बाई चाचरल्या. "तसंच आहे. दोन शब्द, मग खरखर."

त्याला वाटलं आता इथेच फरशीवर आडवं व्हावं आणि कोणी हाक मारली तरी उठू नये. ताईचा उरलासुरला आवाज त्याने पिळून घेतला होता, आणि हाती काय, तर खरखर. प्रयोगशाळा बंद व्हायला थोडाच अवकाश होता. काही सुचेना, म्हणून त्याने जुन्या सगळ्या फायलींचा एकच गठ्ठा बांधला आणि तो पाठवला. निदान एकत्र जाईल, एवढाच विचार.

"गठ्ठा उघडतच नाहीये," बाई म्हणाल्या. "मोडलेला आहे म्हणतोय."

"मोडलेला?"

"हो. तुटका."

फ्यूज्या ताठ बसला. गठ्ठा तर संगणकाने बांधला होता. त्यात रेकॉर्डरचा काय संबंध? रेकॉर्डर वाईट असता तर वाईट आवाजाचा गठ्ठासुद्धा धड उघडला असता. म्हणजे मोडतोड इथे नव्हती, तिथेही नव्हती. वाटेत होती.

"बाई, त्या गठ्ठ्याचं वजन सांगा. किती बाइट? शेवटच्या आकड्यापर्यंत."

बाईंनी आकडा वाचला. त्याने आपला पाहिला. तिकडचा कमी होता. फार नाही, थोडासा. त्याने "खिडकीजवळची खुर्ची" विचारली. कमी. "हिरवा कोट" विचारला. तोही कमी. प्रत्येक फायलीतून वाटेत कोणीतरी चिमूटभर काढून घेत होतं.

आणि तो कोण, हे फ्यूज्याला त्याच क्षणी कळलं.

गोष्ट अशी, की विंडोज ओळ संपली हे दाखवायला दोन चिन्हं लिहितं आणि लिनक्सला एकच पुरतं. पूर्वी प्लेटवाल्यांकडे मजकूर जायचा तेव्हा तिकडे प्रत्येक ओळीच्या शेवटी कचरा दिसायचा आणि रोज भांडणं व्हायची. फ्यूज्यानेच तो तोडगा काढला होता. पाठवणाऱ्या प्रोग्रामला त्याने बजावून ठेवलं, जे काही जाईल ते मजकूर म्हणून पाठव, दोन चिन्हं दिसली की एक काढून टाक. चित्रं वगैरे पेन ड्राइव्हने जात, या वाटेने फक्त मजकूर, म्हणून ते बेमालूम चाललं. मालकांनी त्याची पाठ थोपटली. आणि त्याने सगळ्या कामगारांना तंबी दिली की सेटिंगच्या त्या खटक्याला कोणी हात लावला तर माझ्याशी गाठ आहे. कोणी लावला नाही. त्यानेही नाही. घरच्या लॅपटॉपवरही त्याने तेच कौतुकाने नेऊन ठेवलं होतं.

आवाजात ओळी कुठून असणार? पण संगणकाला आवाज म्हणजेही चिन्हांचीच रांग, आणि ती दोन चिन्हं योगायोगाने त्यातही शेजारी शेजारी येतातच. जिथे आली, तिथे प्रोग्रामने इमानेइतबारे एक उचलून टाकलं. शर्टाचं एक बटण चुकलं की खालची सगळी चुकत जातात, तसा तिथून पुढचा सगळा आवाज घसरला. मग पुढे असाच आणखी एक तुकडा गेला की थोडा वेळ बटणं पुन्हा जुळायची. दोन शब्द, खरखर, पुन्हा शब्द.

त्याने खटका फिरवला. "जसं आहे तसं पाठवा." एवढंच करायचं होतं. सकाळी चहा येण्याआधी करता आलं असतं. त्याने सकाळच्याच फायली, त्या महिनाभराच्या, पुन्हा सोडल्या. त्या गेल्या. हिरव्या खुणा आल्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"मिळाल्या!" बाई आनंदाने जवळजवळ ओरडल्याच. "अहो, काय स्वच्छ आवाज आहे हो! एकसुद्धा खराब नाही. आता काळजी करू नका, होईल सगळं. नव्याने घेतलेल्यांची तर गरजच नाही."

"हो," फ्यूज्या म्हणाला. "गरजच नव्हती."

तो गोदामात गेला तेव्हा खिडकीतलं ऊन रिमांवरून उतरून फरशीवर आलं होतं. ताई खुर्चीत तशीच बसून होती, भावोजी तिचा हात धरून.

"पोचलं," तो म्हणाला. "सगळं पोचलं. जुनंच. आधीचंच सगळं ठीक होतं ताई. चूक माझीच होती, माझ्याच एका खटक्याची. तुला आज बोलवायलाच नको होतं. मी तुला फुकट..." तो तोंड झाकून रडू लागला, एवढा मोठा माणूस, दाराच्या चौकटीला टेकून.

भावोजी ताडकन उठले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मेव्हण्यावर हात उगारला असता, पण ताईने त्यांची बाही धरली. तिने फ्यूज्याकडे पाहिलं, ओठ हलवले. आवाज नव्हता, तरी काय म्हणाली ते त्याला कळलं. त्याचं नाव घेतलं होतं. तेच, लहानपणचं.

तेवढ्यात भावोजींच्या खिशातला फोन वाजला. तिघेही दचकले. जहाज वेळेआधीच टापूत आलं होतं.

भावोजींनी फोन उचलला, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांनाही जमेना. त्यांनी फोन फ्यूज्याच्या हातात दिला. फ्यूज्याने डोळे पुसले आणि लेकीला सगळं सांगितलं. ऑपरेशन उद्या आहे. आवाज आत्ताच गेला. तुझ्यासाठी राखून ठेवला होता, तो मी वाया घालवला. काही लपवलं नाही, काही गुळगुळीत केलं नाही. पलीकडे इंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आई आहे तिथे?" लेकीने विचारलं.

"आहे."

"स्पीकर लाव, मामा. आणि तिच्याजवळ ठेव."

त्याने फोन ताईच्या मांडीवर ठेवला. ताईने तो दोन्ही हातांनी उचलून तोंडाजवळ नेला, बोलायला गेली, आणि वारा आला. नुसता वारा. तिचे खांदे गदगदू लागले. इतकी वर्षं परक्या माणसांचं रडणं कानाशी धरून बसलेली बाई, स्वतः रडायला लागली तर त्यालाही आवाज नव्हता.

"आई," लेक म्हणाली. आवाज भिंत ओलांडून जाणारा, थेट तसाच. "आई, घाबरू नकोस. मी फोन ठेवत नाही."

ताईने फोन गालाशी घट्ट धरला आणि डोळे मिटले. पलीकडे इंजिन घरघरत होतं, अधूनमधून लेक नुसतं "आहे मी" म्हणत होती. फ्यूज्या खाली बसला, ताईच्या पायाशी. ताईचा हात येऊन त्याच्या टकलावर पडला आणि तिथेच राहिला. ऊन फरशीवरून सरकत दाराबाहेर गेलं. न्यायला आलेल्या गाडीने खाली दोनदा हॉर्न वाजवला, भावोजी पिशवी उचलून जिन्याकडे निघाले, ताई उठली, जिना उतरली, गाडीत बसली, तरी फोन कोणीच ठेवला नाही.